पाय लाल झालाच नाही

तुमच्यापैकी कुणाचा पाय सुजला, ठणकायला लागला, अंगात कणकण आली, आणि कुणी म्हणालं की "लाल कुठे झालाय? मग काही नाही," तर तिथे थांबू नका. एवढं सांगायलाच मी लिहायला बसले आहे. बाकीचं वाचलंत तर आनंद आहे, नाही वाचलंत तरी एवढं लक्षात ठेवा. माझ्यासारख्या काळ्या कातडीच्या बायकांनी तर ठेवाच.

मी लेखिका वगैरे नाही. देवगडजवळच्या गावात सातवीपर्यंत शाळा, मग लग्न, मग शारजा. हे वर्कशॉपमध्ये होते आणि मी बावीस वर्षं आपल्या कोकणातल्या मुलांना डबे करून दिले. वाचन म्हणाल तर लोक गावाहून येताना दिवाळी अंक आणायचे, ते फाटेपर्यंत वाचायचे. हे गेल्यावर अल ऐनला लेकीकडे आले. वैशाली इथे शाळेत गणित शिकवते. जावई तिकडे शारजाकडे हमरिया फ्री झोनमध्ये कामाला, ते शनिवार-रविवार येतात. नात रिया बारा वर्षांची, मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, असं आमचं चालतं.

काटा

गेल्या पाडव्याची गोष्ट. गुढीला कडुलिंबाचा डहाळा हवा होता. अल ऐनमध्ये कडुलिंबाला तोटा नाही, रस्त्याकडेला रांगा आहेत, पण "आई, सरकारी झाडाला हात लावायचा नाही हं," असं लेकीने बजावलेलं. म्हणून पलीकडच्या खजुराच्या बागेला लागून एक जुनं झाड आहे तिकडे गेले, तिथल्या माळ्याला विचारून. पायात घरातली पातळ स्लीपर. बागेत झावळ्या छाटून टाकलेल्या होत्या. त्यातला एक काटा, दाभणाएवढा, चपलेचा तळ फोडून डाव्या टाचेत शिरला.

उपटून काढला आणि डहाळा घेऊन घरी आले. गुढी उभारली. श्रीखंड खाल्लं, डायबेटीस असून दोनदा घेतलं, तेही सांगून टाकते. पायाला हळद लावली. आपल्याकडे कापलं की हळद, मुरगळलं की हळद. दुसऱ्या दिवशी पाय ठणकायला लागला तेव्हा आणखी हळद, तेलात गरम करून, पार पोटरीपर्यंत. तीन दिवस थरावर थर चढवले. रिया नाक मुरडून म्हणाली, "आजी, युअर लेग लुक्स लाईक फिश फ्राय."

मी हसले. तेव्हा हसायला येत होतं.

दहापैकी तीन

तिसऱ्या दिवशी वैशाली मला घराजवळच्या क्लिनिकमध्ये घेऊन गेली. डॉक्टर तरुण, आपल्याच देशाचा. मला बरं वाटलं, म्हटलं आपला माणूस आहे. त्याने विचारलं, मी मराठीत सांगितलं, वैशालीने इंग्लिशमध्ये सांगितलं. मी टाचेपासून गुडघ्यापर्यंत बोट फिरवून सगळं दाखवलं. काटा सांगितला. चादर टेकली तरी जीव जातो म्हटलं. वैशालीला शाळेत परत जायचं होतं, तिने त्याचे दोन शब्द केले.

"दहापैकी किती दुखतंय?" डॉक्टरने विचारलं.

मी म्हटलं, "तीन."

आता तुम्ही हसाल. पण दहा मी बाळंतपणासाठी राखून ठेवलेले. चारचौघांत, परक्या पुरुषासमोर, "दहा, दहा" म्हणून ओरडायचं? आपल्याला तसं वळणच नाही.

त्याने लांबून पाहिलं, एका बोटाने दाबलं. म्हणाला, "इन्फेक्शन होता तो लाल होता, आंटी. ये तो हल्दी का रंग है. मोच होगी." मग वैशालीकडे बघून इंग्लिशमध्ये काहीतरी बोलून हसला. वैशाली हसली नाही, मला तिने अर्थही सांगितला नाही. दुखण्याच्या गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो.

तो काय म्हणाला ते वैशालीने मला नंतर हॉस्पिटलात सांगितलं: "इंडियन मदर्स, त्यांचं सगळंच दुखत असतं."

ही नको

पुढच्या दोन दिवसांत मी जेवायची थांबले. पाचव्या दिवशी सकाळी अशी हुडहुडी भरली की पलंग खडखडत होता. वैशाली वर्ग सोडून आली आणि मला इथल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरकीची मुलंमुली तिथे शिकायला असतात.

इमर्जन्सीत पडदा ओढून मला निजवलं. थोड्या वेळाने एक उंच मुलगी आत आली. डोक्याला फिकट निळा रुमाल, अंगात पांढरा कोट, आणि रंगाने माझ्याहूनही काळी. मला वाटलं, साफसफाईवाली असेल. कोट दिसत होता हो, पण डोळ्यांना दिसलं तरी मनाला दिसायला पाहिजे ना. मी म्हटलं, "बेटा, पानी लाओ. और डॉक्टर को बुलाओ."

तिने पाणी आणलं. मानेखाली हात घालून पाजलं. मग छान स्वच्छ हिंदीत म्हणाली, "खाला, मी अमल. डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आधी मी तपासते, मग माझ्या मॅडम येतील." खाला म्हणजे आपली मावशी. आईवडील सुदानचे, ती जन्मली अल ऐनमध्ये, हिंदी शेजारच्या बिऱ्हाडांत शिकलेली. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी काय केलं ते ऐका.

मी मान वळवली आणि वैशालीला म्हटलं, "ही काळी नको गं. दुसरी कुणी बघ. गोरी नाही तर निदान आपल्यातली तरी."

तिला कळलं. हिंदी येणाऱ्या मुलीला हे कळायला कितीसा वेळ लागणार? तिने गादीची कड सारखी केली आणि पडद्याबाहेर गेली.

हे लिहिताना माझा हात अडतो आहे. पण आजारपणाचं खरं सांगायचं तर आपलं वागणंही खरंच सांगायला हवं.

डॉक्टर मरियम

मग मॅडम आल्या, डॉक्टर मरियम. इथल्याच, अल ऐनच्या. साठीच्या आसपास, काळ्या पायघोळ अबायावर पांढरा कोट, चष्मा साखळीला अडकवलेला. अमल त्यांच्या मागे उभी. त्या इंग्लिशमध्ये बोलत होत्या आणि वैशाली खालच्या आवाजात मला सांगत होती.

"तुम्हाला दुसरी डॉक्टर हवी असं कळलं. काय कारणाने?"

मी तोंड भिंतीकडे वळवलं.

"बाई डॉक्टर हवी म्हणालात तर देते. भाषा कळत नाही म्हणालात तर भाषा येणारी देते. रंगासाठी बदलून देत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे पहिल्या दिवशी सांगते, पेशंटलाही सांगते. आणि अजून एक सांगू? तुमच्यासारख्या कातडीवरचा आजार बघायला इथे हिच्याइतके तयार डोळे दुसऱ्या कुणाचे नाहीत. माझेही नाहीत. मी उशिरा शिकले."

आवाज चढला नाही, चेहरा कडू झाला नाही. मला माझ्या शाळेतल्या बाईंची आठवण आली, त्या असंच बोलायच्या आणि आपण जमिनीत जायचो.

मी अमलकडे बघून म्हटलं, "देखो, बेटा."

हळद उतरली

ती कोमट पाण्याचं भांडं आणि साबण घेऊन आली आणि माझ्या पायाशी बसली. मी पाय ओढून घेतला. "अगं, तू डॉक्टर होणार, माझे पाय काय धुतेस! नर्सला सांग."

"नर्सला सांगता येईल, खाला. पण धुताना माझ्या हाताला बरंच कळतं."

म्हणजे ती काही सेवा वगैरे करत नव्हती, तपासत होती. ते मला फार आवडलं. हळदीचा एकेक थर तिने कापसाने हलक्या हाताने उतरवला. मग डोक्यावरचा दिवा बंद केला, पडदा सारून खिडकीचा उजेड आत घेतला आणि दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवायला लावले. हाताची पालथी बाजू एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. पाच दिवसांत कुणीही माझा उजवा पाय पाहिला नव्हता. मीसुद्धा.

आता दिसायला लागलं. लाल नव्हताच. डावा पाय जांभळट झालेला आणि वांग्यासारखा चकाकत होता, आणि कातडी संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळ्यांची, टणक.

"दहापैकी किती, ते नका सांगू," अमल म्हणाली. "पाडव्याला करत होतात आणि आज करता येत नाही असं काय काय आहे?"

मग मी बोलत सुटले. उभं राहवत नाही, संडासला धरून न्यावं लागतं, पंख्याचा वारा लागला तरी ओरडते. कुणी असं विचारलं तर सांगता येतं हो माणसाला. ऐकता ऐकता तिने हाताने चाचपून जिथे टणकपणा संपतो तिथे पेनाने पोटरीभोवती रेघ मारली आणि वेळ लिहिली. अर्ध्या तासाने परत चाचपलं. टणकपणा रेघ ओलांडून दोन बोटं वर गेला होता.

ती मॅडमना बोलवायला पळतच गेली. आतापर्यंत शांत असलेली मुलगी पळते म्हणजे काय ते मला कळलं.

सही

जंतू आत खोल, कातडीखाली पसरत होते. ऑपरेशन लगेच करायचं, आणि आत काय सापडतं त्यावर पाय ठेवायचा की गुडघ्याखाली काढायचा ते ठरणार. वैशालीपुढे कागद आला. ती गणिताची बाई, आकडे पाहून न घाबरणारी, पण पेन धरता येईना तिला. भावाला मुंबईला फोन लावला तर तो म्हणतो, "तिला इकडे घेऊन ये, घाई करू नको." वैशाली ओरडली, "पायातलं विष वर चढतंय रे तिच्या! कुठे घेऊन येऊ?"

मी म्हटलं, "दे इकडे, मी करते सही. पाय माझा आहे." देवनागरीत केली, मोठ्या अक्षरात. भीती नव्हती असं नाही. पाय गेला तर स्वयंपाकघरात उभी कशी राहणार, हाच एक विचार. देव आठवला नाही, ओटा आठवला.

आत नेताना डॉक्टर मरियमनी डोक्यावर हात ठेवला. "इन्शाल्ला," म्हणाल्या. अमल ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत स्ट्रेचरबरोबर चालत आली.

पाय होता

शुद्धीवर आले तेव्हा पायाकडे बघायची छाती होईना. अंगठा हलवून बघितला. हलला. नुसत्या अंगठ्याच्या हलण्याने माणूस इतका रडू शकतो हे मला माहीत नव्हतं.

पुढचे अठरा दिवस तिथेच. पहाटे रक्त काढणारी यायची, मग चहा, बिनसाखरेचा, म्हणजे शिक्षाच. मग ड्रेसिंग. ड्रेसिंगच्या आधी दुखण्याचं औषध मिळेपर्यंत अमल कुणाला हात लावू द्यायची नाही. "यल्ला, आधी औषध, मग कात्री." यल्ला म्हणजे चला. शेजारच्या खाटेवर एक बलुची आजी होती, आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी रोज एकमेकींच्या जखमांची चौकशी करायचो.

वैशालीशी मात्र भांडण झालं. तिने विचारलं, "आई, तीन का सांगितलंस? तीन!"

"आणि तू माझी सगळी कहाणी दोन शब्दांत का गुंडाळलीस?"

दोघी रडलो. रिया कोपऱ्यात बसलेली. तिला इमर्जन्सीतला प्रकार आईकडून कळला होता. ती फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "अँड आजी, व्हॉट यू सेड अबाऊट दॅट डॉक्टर? दॅट वॉज रेसिस्ट."

बाराव्या वर्षी एवढं स्पष्ट बोलायला कुणी शिकवलं असेल? मी तर नाही शिकवलं. मी तिला शिकवलं होतं, "उन्हात जाऊ नको, काळी होशील."

राऊंड

रोज सकाळी डॉक्टर मरियम सात-आठ विद्यार्थी घेऊन खाटेशी यायच्या, आणि त्यांचं इंग्लिश अमल मला हळूच हिंदीत सांगायची. एका सकाळी जोएल नावाच्या मुलाची पाळी होती. केरळचा, अबूधाबीत वाढलेला, हुशार पण घाईचा. त्याने सुरुवात केली, "अडुसष्ट वर्षांची इंडियन लेडी, सगळं अंग दुखतं अशी तक्रार, पेशंटला नीट सांगता येत नाही."

डॉक्टर मरियमनी हात वर केला. "सगळं अंग दुखतं असं त्या म्हणाल्या, की तू ठरवलंस?"

जोएल हातातला कागद चाळायला लागला.

"नीट सांगता येत नाही, की तुला नीट विचारता येत नाही? आणि देश पहिला का आला? ऐकणाऱ्याने देश ऐकला की पुढचं अर्धं तो स्वतःच भरून टाकतो. अशी बाई, अशी रडणार. पुन्हा सांग. देशाची गरज पडली तर मी विचारीन."

जोएल लाजला. माझ्या खाटेवर टेकला, हिंदीत मला दहा मिनिटं विचारत बसला, मग उठून म्हणाला, "या कुंदाताई. बावीस वर्षं लोकांना जेवण करून दिलं. खजुराचा काटा टाचेत गेला. त्यांनी पाच दिवस सहन केलं."

ओळख करून द्यायची अशीही पद्धत असते! मी उशीवर ताठ बसले.

त्याच दिवशी मी अमलमार्फत डॉक्टर मरियमना विचारलं, त्या क्लिनिकच्या डॉक्टरचं काय? त्या म्हणाल्या, "तो वाईट नाही. ज्या पुस्तकातून तो शिकला त्यातूनच मी शिकले. त्यात प्रत्येक चित्रातला पाय गोरा. गोऱ्या पायावर लाल दिसतं, ते आम्ही पाठ केलं. आणि बायका वाढवून सांगतात हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, ते आम्ही सीनिअर लोकांच्या हसण्यातून शिकलो. मी त्याला तुमच्या पायाचा फोटो दाखवीन, तुमची परवानगी असेल तर." मी दिली. पुढे तो डॉक्टर स्वतः मला भेटायला आला. उभा राहिला, "माफ करो, आंटी," म्हणाला आणि दोन्ही पाय बघून गेला. मलाही बरं वाटलं.

खलास

माझी माफी मागायची राहिली होती. एका दुपारी अमल काम संपवून टेकली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. मला बघायला आले तेव्हा चुलतीने तोंडाला पावडर थापली होती, सासरी "रंग सोडला तर मुलगी चांगली" असं वर्षभर ऐकलं. ते ऐकून घेतलेलं मीच पुढे वाटत आले. म्हटलं, "मला माफ कर पोरी."

मला वाटलं, ती गोड हसेल, जाऊ दे म्हणेल. नाही म्हणाली ती तसं.

"राग आला होता, खाला. पडद्याबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. तुम्ही पहिल्या नाही. पहिल्या वर्षापासून लोक मला पाणी आणायला सांगतात, खरी डॉक्टर बोलव म्हणतात. मग मला आठवलं की तुमचे ओठ सुकलेत आणि श्वास जोरात चाललाय. म्हणून मी मॅडमना म्हटलं, हिला कुणीही बघा, पण आत्ता बघा. माफ केलं असं आज नाही म्हणत. उद्या ड्रेसिंगला मीच आहे, उद्या बघू."

मला हे फार मोठं वाटलं. अपमान गिळून हसणारी माणसं मी खूप पाहिली, मीच त्यातली. अपमान झाला हे तोंडावर सांगून, तरी माझ्यासाठी धावणारी मी पहिल्यांदा पाहिली.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग झालं. तिने पट्टीची शेवटची चिकटपट्टी लावली, पायावर हलकेच थापटी मारली आणि म्हणाली, "खलास, खाला." अरबीत खलास म्हणजे झालं, संपलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ती मात्र पुढच्या खाटेकडे गेली. तिला कामं होती.

वर्ग

घरी आल्यावर तीन महिन्यांनी वैशालीच्या फोनवर डॉक्टर मरियमचा फोन आला. नव्या वर्षाच्या मुलांना शिकवायचं आहे, फोटो आहेत, पण फोटोला हात लावता येत नाही, तुम्ही याल का? मी म्हटलं, काठी घेऊन येईन.

मोठी खोली, चाळीसेक मुलंमुली, सगळ्या देशांची. मला पुढे खुर्चीवर बसवलं. अमल दुभाषी म्हणून शेजारी, जोएल मदतीला. भिंतीवर आधी पुस्तकातलं चित्र आलं, गोरा पाय, त्यावर लालबुंद डाग. सगळ्यांनी आजाराचं नाव एका सुरात सांगितलं. मग माझ्या पायाचा त्या दिवशीचा फोटो आला. डॉक्टर मरियमनी विचारलं, "इथे काय दिसतं?"

मग मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "नॉर्मल?"

अमलने मला अर्थ सांगितला. मी खुर्चीतून म्हटलं, "नॉर्मल? बाळा, त्या दिवशी मी मरत होते."

ती मुलगी रडवेली झाली, तेव्हा मीच म्हटलं, "घाबरू नको, मलाही दिसलं नव्हतं. ये, हात लाव." एकेक करून सगळे आले. मी साडी पोटरीपर्यंत वर घेतली होती. अडुसष्ट वर्षं हे पाय झाकण्यात गेली, आणि आता चाळीस पोरं त्यांना हात लावून शिकत होती. ती मुलगी दोनदा आली.

शेवटी जोएलने विचारलं, "कुंदाताई, तुम्ही आलात तेव्हा आम्ही सगळ्यात आधी काय विचारायला हवं होतं?"

असा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मी विचार केला. म्हटलं, "हा तुमचा रोजचा रंग आहे का, एवढं विचारा. तुम्ही हा पाय आज बघताय. मी जन्मापासून बघते आहे."

अमलने ते इंग्लिशमध्ये सांगितलं. पेनं चालू झाली. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत जोएल थांबला, मग माझ्यासमोर गुडघ्यावर बसला, दोन्ही पायांवर पालथा हात ठेवला आणि गंभीरपणे, परीक्षेत विचारावं तसं विचारलं, "मग सांगा, आजचा हा रंग रोजचा आहे का?"

मी खाली वाकून दोन्ही पाय नीट न्याहाळले. डाव्यावर टाचेपासून वर गेलेला लांब व्रण, बाकी दोन्ही सारखे.

"रोजचाच आहे," मी म्हटलं. "चांगला काळा आहे."